भरतीचा रकाना

मळ्यात, पार्किंगच्या उताराला लागून
चौदा मीटर लांब, तीन मीटर रुंद असा एक खड्डा आहे.
कागदावर त्याचं नाव पर्जन्यबाग.
शेजारचा पंक्चरवाला त्याला न्हाणी म्हणतो.
मी त्याची हिशेबनीस,
श्रावण सरत आला तरी रेनकोटात बारा बाटल्या घेऊन
रात्री-अपरात्री उठणारी.

पाऊस आता जुना झालाय. कोणी खिडकीशी येत नाही.
मी येते, कारण प्रत्येक सरीच्या
पहिल्या दहा मिनिटांतच रस्ता आपला मळ उतरवतो:
ब्रेकमधली तांब्याची पूड, टायरचं जस्त,
खानावळीमागचं तळणीचं तेल,
आणि डिझेलची ती सप्तरंगी साय,
जिला सुंदर म्हणायची नोकरीत सोय नाही.

एक बाटली तोंडाशी, पाणी आत शिरतं तिथे.
एक पायाशी, नळीतून बाहेर पडतं तिथे.
मध्ये वाळू, खडी, चिऱ्याचा भुगा,
वाळा, कर्दळ, लव्हाळा
आणि एक तेरडा, जो आराखड्यात नव्हता.

गढूळपणा: आत दोनशे दहा, बाहेर एकोणतीस.
जस्त: दहातले आठ भाग आतच राहिले.
तेल: जवळजवळ नाहीच.
लिहिताना मी मान डोलावली,
आवडत्या मुलीचा पेपर तपासावा तशी.

पण फॉस्फेट
आत कमी, बाहेर जास्त.
तीनदा तपासलं. बाटल्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट झाल्या का, तेही.
मग रोकेझिनला विचारलं, ती बाग राखते.
ती आधी गप्प. मग हातमोजा काढत म्हणाली,
"कर्दळ पिवळी पडली होती गो बाय.
दोन पाट्या शेणखत घातलं. तुझ्या कागदाला काय झालं?"
कागदाला काय होणार. झालं ते खाडीला, थोडंसं.
शेऱ्यात मी 'माया' लिहिलं,
खोडलं,
'सेंद्रिय खताचा निचरा' असं लिहिलं.

दोन रात्री मात्र बाग तुंबली.
सरी मोठ्या नव्हत्या. जुलैत याच्या दुप्पट पाणी
तिने पाऊण तासात गिळलं होतं.
आता पहाटेपर्यंत घोटाभर उभं,
वर तरंगत चिप्सची पिशवी, एक चप्पल,
आणि चपलेवर बेडूक, मालकासारखा.
पालिकेतून फोन आला: नापास लिहायचं ना?
मी गाळ खरवडला. नळीत तार घातली.
कुठेच काही अडकलेलं नव्हतं.

पुलाच्या कठड्यावर फटीबाब गरी टाकून बसला होता.
चाळीस वर्षं त्याने खाजनातली मानस राखली.
माझ्या वहीकडे न बघता विचारलं,
"भरती कितीची होती?"

माझ्याकडे सत्तावीस रकाने होते.
तारीख, वेळ, मिलिमीटर, तापमान, झाडांची उंची.
भरतीचा नव्हता.
पंचांग काढलं: एक रात्र पुनवेची, दुसरी अवसेची.
वरून पाऊस, खालून खाडी,
आणि माती बिचारी मधल्यामध्ये, तोंडापर्यंत भरलेली.

त्याने पायाकडच्या बाटलीत बोट बुडवून जिभेला लावलं.
मी ओरडेपर्यंत म्हणाला, "खारं."
यंत्राने दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं,
चार आकड्यांत.

"मानशीला दारं असतात. खाडी चढली की आपसूक मिटतात.
तुमच्या नळीला काय आहे?"
नळीला काही नाही. दोन्हीकडून उघडी,
येईल त्याला वाट देणारी.

वहीच्या मागच्या पानावर त्याने झडप काढून दिली.
लाकूड किंदळाचं. मापं वितींत.
साहेब म्हणतात, चित्र जोडा, विती चालणार नाहीत.
माझ्या वितीने धरलं तर झडप लहान होते,
फटीतून खाडी येईल.
म्हणून उद्या, ओहोटीच्या वेळी,
फूटपट्टी घेऊन पुलावर जाणार आहे
त्याचा हात मोजायला.